वाचकांचे प्रश्न : किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाची शर्यत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होणाऱ्या ‘वॉरेल १०००’ या कॅटमरानच्या, म्हणजे दोन अंगांच्या शिडाच्या होड्यांच्या, शर्यतीविषयी मागील अंकात एक छोटे टिपण छापले होते. ज्या भागातून समुद्र पाहायचा म्हणजे कुंभार्ली नाही तर आंबा घाट उतरावा लागतो, त्या सातारा-सांगलीकडून त्यावर एवढी पत्रे येतील असे संपादकांना वाटले नव्हते. मला मात्र त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण नदीकाठच्या माणसाला होडी परकी नसते. मी मूळचा भिलवडीचा आहे. नोकरीच्या निमित्ताने मुंबईत असताना सतरा वर्षे मी रविवारचे दिवस शिडाच्या होड्यांवर घालवले, आणि खरे सांगायचे तर त्यातला निम्मा वेळ होडी पाण्यात नेण्यात आणि परत वाळूवर ओढण्यातच गेला. पुढील उत्तरे त्या अनुभवावर बेतलेली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न (सांगलीवाडी) : कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत मी बारा वर्षे वल्हे मारले आहे. आमची शर्यत बघता बघता संपते आणि पहिला कोण आला हे काठावरच्या पोरालाही दिसते. तुमची शर्यत दोन आठवडे चालते आणि रात्री होड्या वाळूवर असतात. मग जिंकले कोण, हे कसे ठरवतात? एक दिवस मागे पडलेला संघ पुन्हा वर येतो काय?

उत्तर : येतो, आणि पुष्कळदा तोच जिंकतो. फ्लोरिडातील हॉलीवूडपासून व्हर्जिनिया बीचपर्यंतचे सुमारे १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर, हे अंतर साधारण डझनभर टप्प्यांत तोडले जाते. होडीवर दोनच माणसे असतात. सकाळी सगळ्या होड्या वाळूवर ओळीने उभ्या करतात, भोंगा वाजला की त्या फुटणाऱ्या लाटांतून पाण्यात ढकलतात आणि पुढच्या गावाच्या किनाऱ्यावर रोवलेल्या दोन निशाणांच्या मधून आत आणतात. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ लिहून ठेवतात आणि अखेरीस सगळ्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी ठरतो.

आपल्याकडे ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत जाते, तशीच ही चाल असते. दिवसा वाट चालायची, रात्री तळ पडायचा आणि सामानाचा ट्रक आधीच पुढे गेलेला असायचा. दिंडीला घाई नसते, यांना असते, एवढाच फरक आहे.

आता बेरजेचा परिणाम पाहा. समजा, एका संघाने पाच टप्पे प्रत्येकी सहा मिनिटांनी जिंकले, म्हणजे त्याने अर्धा तास कमावला. सहाव्या दिवशी त्याचे सुकाणू मोडले आणि तो दोन तास उशिरा पोचला. एकही टप्पा न जिंकता रोज दुसरा येणारा संघ त्या एका संध्याकाळी दीड तासाने पुढे गेला. तुमच्या शर्यतीत सगळे बळ एकाच दमात ओतायचे असते. इथे ते उरवून ठेवणारा शहाणा ठरतो. आणखी एक गोष्ट टिपणात राहून गेली होती. जोरदार वाऱ्याच्या दिवशी सगळे संघ थोड्या मिनिटांच्या अंतराने पोचतात, कारण टप्पाच पाच-सहा तासांत संपतो. वारा मरतो त्या दिवशी मात्र एक होडी संध्याकाळी सहाला किनाऱ्याला लागते आणि दुसरी अकरापर्यंत दोन मैलांवर डोलत राहते. त्यामुळे निकाल बहुधा वादळाच्या दिवशी न लागता शांत दिवशी लागतो.

या स्पर्धेचे मूळ एका पैजेत आहे. मायकेल वॉरेल यांनी १९७४ मध्ये एका सोबत्याला घेऊन १६ फुटी कॅटमरानवरून व्हर्जिनिया बीच ते फ्लोरिडा असा प्रवास केला आणि १९७६ पासून त्याची शर्यत झाली. २००२ नंतर ती बंद पडली होती, ती २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. वाटेतले केप हॅटरास हे टोक जहाजांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे वाळूचे बुडीत दांडे समुद्रात दूरवर पसरले आहेत आणि दक्षिणेकडून येणारा उष्ण गल्फ प्रवाह उत्तरेकडून येणाऱ्या थंड पाण्याला भेटतो. उत्तरेचा वारा सुटला की तो या प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो आणि लाटा उंच होण्याबरोबर उभ्या कड्यासारख्या व जवळजवळ येऊ लागतात. पुरात उलटा वारा सुटला की कृष्णेच्या पाण्यावर जो चावरा खळबळाट दिसतो, त्याचेच हे मोठे रूप समजावे.

प्रश्न (तासगाव, इयत्ता दहावी) : कॅटमरान हा शब्द आपला आहे, असे आमचे सर म्हणतात. ते खरे आहे काय?

उत्तर : तुझ्या सरांचे म्हणणे खरे आहे, फक्त ‘आपला’ म्हणजे मराठी नव्हे, तमिळ. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून त्यावरून समुद्रात जात, त्या तराफ्याचे नाव कट्टुमरम. युरोपियन खलाशांनी ते नाव उचलले आणि पुढे पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या दोन अंगांच्या होड्यांनाही चिकटवले. त्यामुळे आजच्या कॅटमरानचे नाव तमिळनाडूचे आणि बांधणी पॉलिनेशियाची, असा प्रकार झाला आहे. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होड्या या त्याच कुळातल्या दूरच्या नातलग म्हणता येतील. एका बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडाचा तरंगता ओंडका म्हणजे उलांडी. सहलीला मालवणला गेलास तर ती नीट पाहून ये.

प्रश्न (पाटण) : आमच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यामुळे वाऱ्याचे महत्त्व आम्हाला ठाऊक आहे. परंतु वाऱ्याने ढकललेली होडी वाऱ्यापेक्षा वेगाने जाते, हे टिपणातले वाक्य पटले नाही. ही छपाईची चूक तर नाही?

उत्तर : चूक नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या पठारावरच रोज फिरतो आहे. पवनचक्कीच्या पात्याच्या टोकाकडे पाहावे. ते वाऱ्याच्या कित्येक पट वेगाने फिरते, कारण वारा त्याला मागून ढकलत नाही. पाते वाऱ्याला आडवे कापीत जाते आणि त्यावर विमानाच्या पंखासारखी ओढ निर्माण होते. कॅटमरान म्हणजे पठार सोडून पाण्यावर आलेले पवनचक्कीचे पाते आहे, असे मी नवशिक्यांना सांगत असे.

थोडे आकड्यांत पाहू. वारा होडीच्या बरोबर उजवीकडून १० नॉट वेगाने वाहतो आहे आणि होडी सरळ १० नॉटने चालली आहे, असे धरा. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. दुचाकीवर बसल्यावर शांत हवेतही समोरून वारा लागतो, तसा या होडीला स्वतःच्या चालीचा १० नॉटचा वारा समोरून लागतो. दोन्ही मिळून शिडाला जो वारा जाणवतो तो सुमारे १४ नॉटचा असतो आणि तिरपा समोरून येतो. होडी जसजशी वेग घेते तसतसा तिचा वारा वाढत जातो. साध्या होडीला याचा लाभ घेता येत नाही, कारण तिचे रुंद पोट पाण्यात स्वतःचीच लाट उभी करते आणि त्या लाटेत अडकून बसते. १८ फुटी साध्या होडीची ही मर्यादा पावणेसहा नॉटच्या आसपास येते. कॅटमरानचे दोन्ही हल, म्हणजे पाण्यात तरंगणारी दोन अंगे, काकडीसारखी लांब आणि अरुंद असतात. ती लाट उभी न करता पाणी चिरीत जातात, म्हणून त्यांना ही मर्यादा लागू पडत नाही. किनाऱ्यावरील शर्यतींत वापरल्या जाणाऱ्या फॉर्म्युला १८ या वर्गातील होडीची लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर आणि किमान वजन १८० किलो असते. एवढी हलकी आणि एवढी रुंद वस्तू चांगल्या वाऱ्यात २० नॉटच्या जवळपास जाऊ शकते.

पण वाऱ्याचा हिशेब इथे थोडा वेगळा मांडावा लागतो. वारा दुप्पट झाला तर पवनचक्कीला मिळू शकणारी शक्ती आठपट होते, आणि शिडावरचा जोर चौपट होतो. जोरदार वाऱ्यात चक्कीची पाती आपला कोन बदलून स्वतःला सावरून घेतात. होडीवर मात्र हे सावरण्याचे काम दोन माणसांच्या हातांना आणि पायांना करावे लागते, तेही सलग आठ आठ तास.

जाता जाता सांगतो. अमेरिकेतील नौकारचनाकार नॅथनिएल हेरेशॉफ यांनी १८७६ मध्ये ‘अमॅरिलिस’ नावाची दोन हलांची होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि तिने सगळ्यांना इतके मागे टाकले की प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार करून तिला बाद करवले. वेगाची अशी पोचपावती क्वचितच कोणाला मिळाली असेल.

प्रश्न (मिरज) : आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी तयार होतात. ‘किनाऱ्यावरच्या पथकाने रात्री डोलकाठीच्या तारा जुळवून घेतल्या’ असे आपण लिहिले आहे. हे जुळवणे आमच्यासारखे कानाने होते काय? आणि शर्यत समुद्रावर असताना किनाऱ्यावर पथक कशाला लागते?

उत्तर : या अंकातील मला सर्वांत आवडलेले पत्र हे आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार.

कॅटमरानची डोलकाठी जमिनीत रोवलेल्या खांबासारखी नसते. ती खाली एका गोल टेकूवर नुसती उभी असते आणि त्यावर फिरू शकते. तिला उभी ठेवतात त्या समोरची एक आणि दोन्ही बाजूंच्या दोन अशा पोलादी तारा. याखेरीज काठी वाकू नये म्हणून तिच्याच अंगाने वर-खाली ताणलेल्या आणखी दोन तारा असतात. ताण मोजण्याचे लहानसे उपकरण मिळते आणि शिस्तीचे पथक तेच वापरते. पण जुनी माणसे आधी बोटाने तार छेडून पाहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. डावी आणि उजवी तार एकाच जाडीची आणि एकाच लांबीची असल्यामुळे दोहोंचा सूर वेगळा आला तर ताणात फरक आहे, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. जवारीइतके नाजूक काम ते नव्हे. मात्र ताण चुकला तर डोलकाठी एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वाकते, आणि दिवसभर होडी एका अंगावर वेगाने तर दुसऱ्या अंगावर रडतखडत चालते.

तारेचा खरा शत्रू खारे पाणी आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तार आणि खिळे स्टेनलेस पोलादाचे. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजू लागते. तार वरून चकचकीत दिसते, पण टोकाशी, जिथे ती पट्टीत दाबलेली असते, तिथे तिचा एखादा बारीक पदर तुटलेला असतो. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून पथकातील माणूस तारेवरून कापसाचा बोळा किंवा जुने फडके फिरवतो. फडके अडकले की तार बदलायची. एक पदर तुटलेल्या तारेवर आणखी एक दिवस काढू, असे म्हणणारा संघ दुपारी डोलकाठीसकट पाण्यात दिसतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. माझ्या मते टप्प्यांची शर्यत निम्म्याहून अधिक रात्री, वाळूवर जिंकली किंवा हरली जाते. संध्याकाळी होडी लागते तेव्हा ती दोन माणसे उभी राहण्याच्या स्थितीत नसतात. हातांची कातडी दोऱ्यांनी सोललेली असते, डोळे मिठाने लाल झालेले असतात आणि दिवसभरात पाणी कमी प्यायल्याने डोके धरलेले असते. त्यांनी जेवून झोपायचे, एवढेच त्यांचे काम. फुग्यासारख्या जाड चाकांच्या गाडीवर होडी चढवून भरतीच्या रेषेच्या वर नेणे, गोड्या पाण्याने ती धुणे, सुकाणूच्या सांध्यात आणि खाली सोडायच्या फळीच्या खाचेत शिरलेली वाळू काढणे, फाटलेल्या शिडाला पट्टी लावणे, हलला भोक पडले असेल तर इपॉक्सीने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या गोंदाने, भरणे, ही सगळी कामे पथकाची. इपॉक्सीला वाळायला वेळ लागतो आणि समुद्रकाठच्या दमट, गार रात्री तो आणखी लांबतो. म्हणून अनुभवी पथक सर्वांत आधी भोक भरते आणि शिडाकडे नंतर वळते. क्रम उलटा झाला तर सकाळी ओल्या ठिगळाने समुद्रात उतरावे लागते. पहाटे हवामानाचा अंदाज वाचून त्याचा सारांश खेळाडूंना चहाबरोबर देणे आणि मग गाड्या घेऊन पुढच्या मुक्कामी त्यांच्या आधी पोचणे, हेही पथकालाच करावे लागते.

माझी एक चूक इथे कबूल करतो. प्रत्येक हलच्या मागच्या बाजूस आत झिरपलेले पाणी काढण्यासाठी एक लहान भोक असते आणि त्याला बूच असते. एकदा दोन दिवसांच्या शर्यतीत रात्री ती बुचे काढून पाणी निथळायला ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती काढली, आणि सकाळी परत बसवायला विसरलो. होडी लाटांतून छान बाहेर पडली. चाळीस मिनिटांनी तिचा डावा हल जड होऊ लागला आणि माझे दोन मित्र, दोघेही उत्तम खलाशी, वारा चांगला असतानाही शेवटून पहिले आले. ते मला काही बोलले नाहीत. त्यानंतर मी कित्येक वर्षे दोन्ही बुचे रात्री स्वतःच्या गळ्यात दोरीला बांधून झोपत असे.

प्रश्न (सातारा) : माझी मुलगी सतरा वर्षांची असून पोहण्यात जिल्हा पातळीवर खेळली आहे. आता तिला शिडाच्या होडीचे, त्यातही कॅटमरानचे शिक्षण घ्यायचे आहे. घरातील वडीलधारी मंडळी नको म्हणतात. कॅटमरान उलटते असे ऐकले. मी तिला पाठवावे काय?

उत्तर : ताई, कॅटमरान उलटते हे आपण ऐकले ते बरोबर आहे, आणि जो शिक्षक ती उलटत नाही असे सांगेल त्याच्याकडे मुलीला पाठवू नये. रुंदीमुळे ती सुरुवातीला साध्या होडीपेक्षा स्थिर असते. वाऱ्याकडचा हल पाण्यातून जेमतेम उचलला जातो, तेव्हा तिचा आधार सर्वाधिक असतो. त्यापुढे तो झपाट्याने कमी होतो. आणि पूर्ण पालथी झाली की ती पालथी राहण्यातच तितकी स्थिर असते. दुसरा प्रकार वाऱ्याच्या दिशेने पळताना घडतो. पुढची नाळ लाटेत घुसते, होडी जागीच थांबते, मागचा भाग वर येतो आणि तोल राखण्यासाठी डोलकाठीच्या तारेला लोंबकळणारी माणसे पुढे फेकली जातात.

म्हणूनच होडी सरळ करण्याचा सराव हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा असतो. आधी शिडाच्या दोऱ्या सोडायच्या, मग दोघांनी खालच्या हलवर उभे राहायचे, नाळ वाऱ्याकडे वळू द्यायची, वरच्या हलवरून टाकलेला दोर धरून पाठीमागे झुकायचे आणि शिडाखाली वारा शिरला की तोच वर उचलायला मदत करतो. वरचा हल खाली कोसळतो त्या क्षणी डोके वाचवून मधला आडवा दांडा पकडायचा, नाहीतर होडी माणसांना सोडून निघून जाते. या सगळ्यात एक नियम अटळ आहे : काहीही झाले तरी होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचे नाही. चांगल्या पोहणाऱ्यांना हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते, त्यामुळे आपल्या मुलीला तो दोनदा सांगावा लागेल. समुद्रात तरंगणारी होडी शोधणाऱ्याला लांबून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही.

मोठ्या शर्यतींत प्रत्येक खेळाडूच्या अंगावर तरंगते जाकीट असते, दोरीत अडकल्यास कापण्यासाठी सुरी असते, आणि संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र व रेडिओ सोबत असतात. शिबिरात एवढे सगळे नसेल, पण बरोबर मोटरबोट फिरते की नाही, ही चौकशी अवश्य करावी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, वारा किती झाला की तुम्ही मुलांना पाण्यात सोडत नाही? सांगलीत आयर्विन पुलाखालची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आधीच ठरलेले असते आणि त्यावर पुराच्या दिवशी कोणी वाद घालत नाही. शिबिराकडेही वाऱ्याचा असा आकडा ठरलेला आणि लिहिलेला असावा. ‘परिस्थिती पाहून ठरवतो’ असे उत्तर आले तर मुलीला घेऊन परत यावे.

माझा सल्ला असा की, पहिले वर्ष तिने एका हलच्या लहान होडीवर आणि शक्यतो तलावात काढावे. चेन्नईच्या नेत्रा कुमानन यांनी एका व्यक्तीने चालवायच्या अशाच छोट्या होडीतून टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रता मिळवली, आणि नौकानयनात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. घरच्या मंडळींना हेही सांगावे की, टॉर्नेडो ही कॅटमरान १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होती आणि २०१६ पासून नाक्रा १७ या वर्गात प्रत्येक होडीवर एक स्त्री आणि एक पुरुष असावाच लागतो. म्हणजे या खेळाला मुलींची गरज आहे. आपण विचारलेच आहे म्हणून स्पष्ट लिहितो : पाठवावे.

प्रश्न (कराड) : अशी शर्यत आपल्या कोकण किनाऱ्यावर का होऊ नये?

उत्तर : होऊ शकते, पण अमेरिकेची नक्कल करून नव्हे. मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैल धरता येईल. अलिबाग, मुरूड, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे मुक्काम घेतले तर एकेक टप्पा तीस मैलांच्या आसपास येतो. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य. त्या दिवसांत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे हलकेच वाहतात, मग सकाळी उशिरा हवा पडते, आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या ते पाठीशी असतात. याचा अर्थ असा की, सकाळी दहाला भोंगा वाजवला तर दोन तास सगळेच डोलत बसतील. इथे एक तर पहाटे निघून मतलईवर निम्मा टप्पा मारावा, नाहीतर दुपारी बारानंतर निघावे.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची आहे. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. उत्तर कोकणातल्या सपाट पुळणीवर ओहोटीला पाणी इतके मागे जाते की १८० किलोची होडी ओल्या वाळूतून ओढता ओढता शर्यतीआधीच कंबर मोडेल. म्हणून तारखा पंचांगातील तिथी पाहूनच ठरवाव्या लागतील, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावे लागतील. मालवणला सिंधुदुर्गाभोवती बुडीत खडक आहेत, तिथे स्थानिक तांडेलाला विचारल्याशिवाय कोणी आत शिरू नये.

पण सर्वांत मोठा प्रश्न मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. पावसाळी बंदी उठली की सगळा किनारा कामाला लागलेला असतो आणि पाण्यात जागोजाग जाळी आणि त्यांचे बोये असतात. कॅटमरानची खाली सोडलेली फळी आणि सुकाणू जाळ्यात अडकले तर होडीचे नुकसान होतेच, शिवाय एखाद्या कुटुंबाची दिवसभराची कमाई फाटते. त्यामुळे आयोजकांनी तटरक्षक दलाच्या परवानगीइतकेच महत्त्व गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांशी बोलण्याला द्यावे, आणि दर मुक्कामाचा पंच तिथल्याच कोळी किंवा गाबीत समाजातला असावा, असे मला वाटते. मी आयोजक असतो तर पहिल्या वर्षी गणपतीपुळे ते वेंगुर्ला एवढेच तीन टप्पे ठेवले असते.

प्रश्न (विटा) : आम्ही दोघे चुलतभाऊ. आपले टिपण वाचल्यापासून गोव्याला जाऊन कॅटमरान शिकायचे ठरवले आहे, पण सुकाणू कोणी धरायचे यावर घरातच भांडण जुंपले आहे. थोरला म्हणतो, मोठा मी.

उत्तर : वयाचा इथे संबंध नाही. सुकाणू धरणारा मानाचा आणि दुसरा मदतनीस, असा आपला समज दिसतो, तो चुकीचा आहे. शर्यतीच्या कॅटमरानवर वाऱ्याच्या तोंडी जाताना मोठ्या शिडाची दोरी बहुधा दुसऱ्याच्याच हातात असते. झोत आला की ती किती सोडायची आणि कधी ओढायची हे तोच ठरवतो, आणि होडी पालथी होते की वेग घेते हे त्या निर्णयावर अवलंबून असते. वाऱ्याबरोबर जाताना पुढचे फुग्यासारखे शीडही तोच सांभाळतो. अंगातले बळ त्याचे अधिक खर्च होते, आणि डोलकाठीच्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून बाहेर लोंबकळताना उंच आणि वजनदार माणसाचा उपयोग जास्त होतो. सुकाणूला हलका हात आणि शांत डोके पुरते. आपल्या पत्रात दोघांची उंची आणि वजन दिलेले नाही. ते कळवावे, म्हणजे पुढील अंकात निवाडा देता येईल.